प्राचीन इजिप्तच्या वास्तू आणि त्या घडवणारी माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये आणि वाचनालयांमध्ये इजिप्तवर बोलायला जातो तेव्हा शेवटी चिठ्ठ्या येतात. गावं बदलतात, प्रश्न बरेचसे तेच असतात, आणि त्यांतले निम्मे तरी पिरॅमिडवरचे असतात. ते सगळे इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे मी रेंगाळलो आहे.

प्राचीन इजिप्त म्हणजे नेमका कुठला काळ?

इ. स. पू. ३१०० च्या सुमारास नाईलचं खोरं आणि समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश एका राजाच्या अमलाखाली आले. तिथून इ. स. पू. ३० मध्ये क्लिओपात्राचा मृत्यू होऊन रोमची सत्ता येईपर्यंतचा काळ म्हणजे प्राचीन इजिप्त. साधारण तीन हजार वर्षं.

हा पल्ला किती मोठा आहे ते एका माणसामुळे मला समजलं. इ. स. पू. तेराव्या शतकात दुसरा रामसेस राज्य करत होता. त्याचा मुलगा खाएमवासेत हा सक्कारा भागातल्या पडझड झालेल्या जुन्या पिरॅमिडांची डागडुजी करवून घेत असे, आणि मूळ राजाचं नाव विसरलं जाऊ नये म्हणून ते पुन्हा कोरवत असे. उनास राजाच्या पिरॅमिडवर त्याचा लेख आजही वाचता येतो. त्याच्यासाठी कैरोजवळच्या गिझाचे पिरॅमिड बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचे होते, म्हणजे आपल्याला वेरूळचं कैलास लेणं जितकं जुनं तितकेच.

पिरॅमिड गुलामांनी बांधले ना?

हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. उत्तर नाही असं आहे, आणि ते पुराव्यानिशी देता येतं.

हिरोडोटस या ग्रीक लेखकाने एक लाख माणसं राबत होती असं लिहिलं, पण तो इजिप्तला आला तेव्हा खुफू राजाच्या, म्हणजे गिझाच्या सर्वांत मोठ्या, पिरॅमिडला दोन हजार वर्षं उलटून गेली होती. चाबूक मारणारे मुकादम आणि साखळदंडातले गुलाम हे चित्र आपल्या डोक्यात सिनेमांनी पक्कं केलं. १९९० मध्ये गिझाच्या दक्षिणेला एका घोड्याचा पाय मातीत दबलेल्या भिंतीला अडखळला, आणि तिथे पिरॅमिड बांधणाऱ्यांची थडगी सापडली. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत, स्वतःच्या छोट्या थडग्यात, सोबत भाकरीची आणि बिअरची मडकी ठेवून पुरलेली माणसं. काही थडग्यांवर हुद्दे कोरलेले आहेत. सांगाड्यांमध्ये मोडून नीट जुळलेली हाडं आहेत, म्हणजे हात-पाय मोडला तर तो बसवला जात होता आणि माणूस बरा होईपर्यंत त्याची काळजी घेतली जात होती. गुलामांना असं कोणी पुरत नाही.

त्याच भागात मार्क लेनर या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाच्या पथकाने कामगारांची अख्खी वसाहत खणून काढली. तिथे पावभट्ट्या आहेत, झोपायच्या लांबलचक ओवऱ्या आहेत, आणि गुराढोरांची, शेळ्या-मेंढ्यांची ढीगभर हाडं आहेत. एका वेळी साधारण वीस ते तीस हजार माणसं कामावर असावीत असं आता मानतात. त्यांत कायमचे पाथरवट आणि कारागीर होते. बाकीची माणसं गावागावांतून पाळीपाळीने येत. ही वेठ होती का? सक्ती होतीच. राजाचं बोलावणं आलं की जावं लागे. पण माणूस पाळी संपली की घरी परतत असे, आणि कामावर असेतो त्याला पोटभर खायला मिळे.

त्यांच्या टोळ्यांना नावंही होती. खुफूच्या दफनदालनावर भार हलका करण्यासाठी ठेवलेल्या पोकळ्यांमध्ये, जिथे कोणी कधी डोकावणार नव्हतं, तिथल्या दगडांवर लाल रंगात ‘खुफूचे सोबती’ असं टोळीचं नाव रंगवलेलं आहे. गिझाच्याच मेनकाउरे राजाच्या पिरॅमिडवर काम करणाऱ्या एका टोळीने स्वतःला ‘मेनकाउरेचे दारुडे’ म्हणवून घेतलं होतं.

त्या काळातलं कोणी काही लिहून ठेवलं आहे का?

हो, आणि हा गेल्या काही दशकांतला सगळ्यात मोठा शोध आहे असं माझं मत आहे. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे पिएर ताले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या पथकाला पपायरसचे, म्हणजे त्या नावाच्या पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले. लिहिलेले पपायरस म्हणून ते आजवरचे सर्वांत जुने आहेत. त्यांत मेरेर नावाच्या एका अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. त्याच्या हाताखाली चाळीसेक माणसं होती. तुरा इथल्या खाणीतला पांढरा चुनखडीचा दगड होडीत भरायचा, नाईलवरून आणि कालव्यांतून गिझाला पोचवायचा, आणि पुन्हा तुराला यायचं, हे त्याचं काम. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या होत. आज कुठे मुक्काम केला, उद्या कुठे निघालो, एवढंच तो लिहितो. पिरॅमिड किती भव्य आहे याबद्दल त्यात अवाक्षर नाही. खुफूचा सावत्र भाऊ अंखहाफ या कामावर देखरेख करत होता, हेही त्या नोंदींतून समजतं.

मजुरी काय मिळत होती?

नाणी नव्हतीच. मजुरी शिध्यात मिळे : भाकरी, बिअर, धान्य, मासळी, भाजी, तेल, कापड. धान्य म्हणजे सातू आणि एक जुन्या जातीचा गहू. तो गहू म्हणजे आपला खपली. सांगली-साताऱ्याकडे ज्याची खीर करतात त्याच जातीच्या गव्हाची भाकरी गिझाच्या भट्ट्यांत भाजली जात होती.

या शिध्यावरून एक मोठी घटना घडली. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर देर अल-मदिना नावाच्या गावात राहत. इ. स. पू. बाराव्या शतकात, तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या २९ व्या वर्षी, त्यांचा शिधा अडकला. वाट पाहून ते कामावरून उठले, चौक्या ओलांडून गेले आणि देवळापाशी जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली आहे, अंगावर कापड नाही, तेल नाही, मासळी नाही, राजाला कळवा, असं त्यांचं म्हणणं एका लेखनिकाने उतरवून घेतलं. तो पपायरस आज इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. इतिहासात नोंदवला गेलेला हा पहिला संप.

याच गावचा एक हजेरीपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चुनखडीच्या चपट्या दगडावर प्रत्येकाचं नाव, खाड्याची तारीख आणि वर लाल शाईत कारण : विंचू चावला, डोळे आले, भावाचं अंत्यकर्म, घरी बिअर गाळायची होती. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं मस्टर आहे हे, आणि ते वाचताना कोणीही ओळखीचं वाटतं.

एवढे जड दगड वर कसे चढवले?

आधी आकडे पाहू. खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता. वरचा थर आणि बाहेरचा गुळगुळीत दगड गेल्यामुळे आज तो १३८ मीटरच्या आसपास भरतो. पायाची प्रत्येक बाजू २३० मीटर. साधारण २३ लाख दगड. वीस वर्षं धरली तर दिवसाला तीनशेहून जास्त दगड बसवावे लागतात. हा हिशेब ऐकून लोक हे अशक्य आहे म्हणतात. मला तो व्यवस्थापनाचा आकडा वाटतो : खाणीत किती टोळ्या, ओढायला किती, चढणीवर किती, बसवायला किती.

बहुतेक दगड तिथल्याच, पिरॅमिडपासून काहीशे मीटरवरच्या खाणीतला आहे. बाहेरचा पांढरा दगड तुराहून आणि दफनदालनाचा ग्रॅनाइट आठशे किलोमीटर दूरच्या आस्वानहून नदीतून आला. तेव्हा नाईलचा एक फाटा गिझाच्या पायथ्यापाशी वाहत होता. जमिनीवर दगड लाकडी घसरगाडीवर ठेवून दोरांनी ओढत. जेहुतीहोतेप या अधिकाऱ्याच्या थडग्यात याचं चित्रच आहे. प्रचंड मोठा पुतळा घसरगाडीवर आहे, १७२ माणसं ओढत आहेत, आणि गाडीच्या पुढच्या टोकाशी उभा राहून एक जण वाळूवर पाणी ओततो आहे. हे पाणी म्हणजे धार्मिक विधी असेल असं बरीच वर्षं मानलं गेलं. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग केला तेव्हा दिसलं, की वाळू नेमक्या प्रमाणात ओली केली तर ओढायला लागणारा जोर जवळपास निम्म्यावर येतो.

चढणींचे अवशेषही मिळाले आहेत. हातनुब इथल्या खाणीत खुफूच्या काळातली एक उभी चढण २०१८ मध्ये उजेडात आली. तिच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांब रोवायची भोकं आहेत, म्हणजे खांबांना दोर घालून ओढत असावेत. गिझाच्या पिरॅमिडला चढण सरळ होती की भोवती वळत गेलेली होती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

परग्रहावरच्या लोकांनी बांधले असं म्हणतात, ते खरं का?

नाही. आणि मला हा दावा नुसता चुकीचा नाही, अन्यायाचा वाटतो. ज्यांनी हाताला घट्टे पाडून काम केलं त्यांचं श्रेय तो काढून घेतो.

बाहेरून कोणी तयार ज्ञान घेऊन आलं असतं तर पहिल्याच फटक्यात नीट पिरॅमिड उभा राहिला असता. प्रत्यक्षात काय दिसतं? इ. स. पू. २६७० च्या आसपास सक्काराला जोसेर राजासाठी सहा टप्प्यांचा पिरॅमिड झाला, सुमारे ६० मीटर उंच. एवढं मोठं काम घडीव दगडात पहिल्यांदाच होत होतं. त्याचं श्रेय परंपरेने राजाचा मंत्री इम्होतेप याला दिलं जातं, आणि जोसेरच्या पुतळ्याच्या बैठकीवर राजाच्या नावासोबत त्याचंही नाव कोरलेलं सापडलं आहे. पुढे स्नेफेरू राजाने दहशूरला सरळ उताराचा पिरॅमिड बांधायला घेतला. सुरुवातीचा उतार ५४ अंशांचा, फार उभा. काम निम्म्यावर आल्यावर तडे जाऊ लागले, आणि वरचा भाग ४३ अंशांवर आणून उरकला. त्यामुळे तो मधेच वाकल्यासारखा दिसतो. पुढचा, लालसर दगडाचा पिरॅमिड त्याच राजाने पहिल्यापासून ४३ अंशांवरच बांधला. या स्नेफेरूचा मुलगा खुफू. वडिलांच्या चुका पाहिलेल्या माणसांनी मुलाचा पिरॅमिड उभारला, आणि त्याच्या बाजू चार दिशांना इतक्या नेमक्या लावल्या की फरक एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. दहशूरचा तो वाकडा पिरॅमिड मला गिझाच्या तिन्ही पिरॅमिडांहून जास्त आवडतो.

घरात पिरॅमिड ठेवल्याने ऊर्जा मिळते का? वस्तू टिकतात का?

वास्तूच्या नावाखाली तांब्या-पितळेचे छोटे पिरॅमिड आपल्याकडे सर्रास विकले जातात. प्राचीन इजिप्तमध्ये अशा कल्पनेचा मागमूसही नाही. नुसत्या आकाराने काही टिकलं असतं तर त्यांनी राजाचा देह आठवडेच्या आठवडे खारात कशाला ठेवला असता? पैसे वाचवा.

पिरॅमिडच्या आत काय आहे?

खुफूच्या पिरॅमिडमध्ये तीन दालनं, वर चढत जाणारा एक भव्य मार्ग, आणि ग्रॅनाइटची झाकण नसलेली रिकामी शवपेटी. भिंती कोऱ्या आहेत. चोरी प्राचीन काळीच झाली. भिंतींवरचे मंत्र त्यानंतर दोनेकशे वर्षांनी, उनासच्या पिरॅमिडपासून दिसू लागतात. अवकाशातून येणाऱ्या म्यूऑन कणांच्या मदतीने २०१७ मध्ये आत किमान ३० मीटर लांबीची एक मोठी पोकळी असल्याचं दिसलं, आणि २०२३ मध्ये उत्तर बाजूला ९ मीटरांचा एक बंद बोळ कॅमेऱ्याने पाहिला गेला.

स्फिंक्सचं नाक नेपोलियनच्या तोफेने उडालं का?

नाही. नेपोलियन १७९८ मध्ये आला. फ्रेडरिक नॉर्डेन या डॅनिश प्रवाशाने १७३७ मध्ये काढलेल्या चित्रातच नाक नाही. स्फिंक्स, म्हणजे सिंहाच्या अंगाचा आणि माणसाच्या डोक्याचा गिझाचा पुतळा, जागेवरच्या चुनखडीच्या खडकातून कोरलेला आहे, लांबी ७३ मीटर आणि उंची २० मीटर, आणि बहुतेक अभ्यासक तो खाफ्रे राजाच्या काळातला मानतात.

ममी का करत, आणि कशी?

माणूस मेल्यावर त्याचा पुढचा प्रवास चालू राहतो, आणि त्यासाठी देह ओळखू येईल असा राहिला पाहिजे, ही श्रद्धा. कल्पना बहुधा वाळवंटाने दिली असावी. तापलेल्या वाळूत पुरलेले देह आपोआप सुकून टिकत, हे लोकांनी पाहिलं होतं.

पूर्ण विधीला सत्तर दिवस लागत. मेंदू नाकावाटे काढून टाकत. डाव्या कुशीला छेद देऊन यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी काढत आणि चार बरण्यांत ठेवत. मग देह नॅट्रॉनमध्ये पुरून ठेवत. हा वाळवंटातल्या आटणाऱ्या तळ्यांकाठी मिळणारा नैसर्गिक खार, आपल्या पापडखाराच्या जातकुळीतला. त्याने अंगातलं सगळं पाणी शोषलं जाई. नंतर तेलं, राळ आणि जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या (लिननच्या) शेकडो मीटर पट्ट्या.

हृदय मात्र जागेवरच राहू देत. विचार आणि सदसद्विवेक हृदयात असतो असं ते मानत. परलोकात तेच हृदय तराजूच्या एका पारड्यात ठेवलं जाणार, दुसऱ्या पारड्यात मात या सत्यदेवतेचं पीस. हृदय जड निघालं तर अम्मित नावाचं मगरीच्या तोंडाचं श्वापद ते खाऊन टाकणार. मेंदू फेकून देणारे हे लोक न्यायासाठी हृदय जपून ठेवत होते, हे मला फार हलवून जातं.

चित्रलिपी वाचायची कशी? प्रत्येक चित्र म्हणजे एक शब्द का?

हजारो वर्षांनंतरच्या विद्वानांनाही असंच वाटलं आणि त्यामुळेच ते फसले. मराठीतून एक उदाहरण देतो. समजा, मला ‘कर’ म्हणजे सरकारला भरायचा सारा हा शब्द चित्राने लिहायचा आहे. साऱ्याचं चित्र कसं काढणार? पण ‘कर’ म्हणजे हातही. मग हाताचं चित्र काढतो, आणि वाचणाऱ्याने हात समजू नये म्हणून शेजारी धान्याचं पोतं काढतो. इजिप्तची लिपी अशीच चालते. बदकाचं चित्र म्हणजे बदक, पण ‘मुलगा’ या शब्दाचा उच्चार तसाच, म्हणून बदकाने मुलगाही लिहितात. काही चित्रं एकेका व्यंजनाची आहेत, अशी मुख्य २४. काही दोन-तीन व्यंजनांची. आणि काही उच्चारायचीच नसतात, ती फक्त अर्थ कुठल्या प्रकारचा ते सांगतात. स्वर लिहीतच नसत. प्राणी-माणसांची तोंडं ज्या दिशेला, त्या बाजूने वाचायला सुरुवात करायची.

देवळांच्या भिंतींवर ही कोरीव लिपी, आणि रोजच्या हिशेबाला, पत्रांना झरझर लिहायची वेगळी धावती लिपी. बाळबोध आणि मोडीचं नातं ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

आस्वानजवळच्या फिले बेटावर २४ ऑगस्ट ३९४ या दिवशी चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख कोरला गेला. त्यानंतर चौदाशे वर्षं ती वाचू शकणारं जगात कोणी नव्हतं. १७९९ मध्ये रशीद गावी, म्हणजे रोझेटाला, एक काळा दगड सापडला. इ. स. पू. १९६ चा एक राजकीय ठराव त्याच्यावर चित्रलिपी, धावती डेमॉटिक आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत आहे. इंग्लंडच्या थॉमस यंगने काही राजनावं ओळखली. फ्रान्सच्या शांपोल्यॉंकडे आणखी एक गोष्ट होती : तो कॉप्टिक भाषा शिकला होता. कॉप्टिक म्हणजे जुन्या इजिप्शियन भाषेचंच शेवटचं रूप, तिथल्या ख्रिस्ती चर्चच्या प्रार्थनांत टिकलेलं. लंबगोल चौकटीतलं एक नाव पाहताना पहिलं चिन्ह सूर्याचं आहे, कॉप्टिकमध्ये सूर्याला ‘रे’ म्हणतात, आणि शेवटी ‘स’ आहे, हे जुळवत तो रामसेसच्या नावापर्यंत पोचला. साल १८२२. मेलेली लिपी वाचली गेली ती अजून म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेच्या आधाराने.

तुतनखामुनच्या थडग्याचा शाप खरा आहे का?

४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर या इंग्रज उत्खननकाराच्या माणसांना थडग्याची पहिली पायरी सापडली. खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन पाच महिन्यांनी वारले, डास चावलेली जखम चिघळून रक्तात विष भिनल्यामुळे. वर्तमानपत्रांना शाप मिळाला. ज्याने थडगं उघडलं, शवपेट्या उघडल्या, ममीला हात लावला, तो कार्टर १९३९ पर्यंत जगला.

शापापेक्षा मला त्या खोल्यांतल्या ५,३९८ वस्तूंबद्दल बोलायला आवडतं. सोन्याचा मुखवटा दहा किलोंहून जड, सर्वांत आतली शवपेटी ११० किलो सोन्याची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथे शंभरावर काठ्याही होत्या, चपला होत्या, कपडे होते, खेळायचे पट होते. उल्केच्या लोखंडाचा एक खंजीर होता, कारण खनिजातून लोखंड काढण्याची कला तेव्हा तिथे नव्हती. आणि शवपेटीवर फुलांचा छोटा हार होता. तुतनखामुन हा मुलगा नऊ वर्षांचा असताना गादीवर बसला आणि अठरा-एकोणिसाव्या वर्षी गेला. हे सगळं न मोडता बाहेर काढायला दहा वर्षं लागली, आणि ते करणाऱ्यांत अहमद गेरिगर आणि त्यांच्यासारखे इजिप्शियन मुकादम होते. त्यांचे आभार कार्टरने लेखी मानले आहेत.

पिरॅमिडखेरीज पाहण्यासारखं काय आहे?

कर्नाकचं देऊळ. अमुन देवाचं हे संकुल दीड-दोन हजार वर्षं वाढत राहिलं. तिथल्या मोठ्या सभामंडपात १३४ खांब आहेत. मधले बारा सुमारे २१ मीटर उंच आणि त्यांची टोकं उमललेल्या पपायरसच्या फुलांसारखी, बाजूचे बुटके आणि त्यांची टोकं मिटलेल्या कळ्यांसारखी. असं का? मधल्या उंच भागाच्या जाळीच्या खिडक्यांतून उजेड येतो तिथे फुलं उमलली आहेत, कडेच्या अंधारात कळ्या. जग सुरू झालं तेव्हाची दलदल त्यांनी दगडात उभी केली आहे.

आस्वानला खाणीतच पडून राहिलेला एक अर्धवट स्तंभही पाहावा. सुमारे ४२ मीटर लांब, हजार टनांहून जड. कोरताना तडा गेला म्हणून सोडून दिलेला. दगडी गोट्यांनी ठोकून-ठोकून ग्रॅनाइट कसा खोदत त्याच्या खुणा त्याच्या कडेने जशाच्या तशा आहेत.

स्त्रियांना राज्य करता येत होतं का?

क्वचित, पण येत होतं. हातशेपसूत इ. स. पू. पंधराव्या शतकात वीसेक वर्षं पूर्ण अधिकाराने राजा होती. पुतळ्यांत ती राजाची खोटी दाढी लावते, लेखांत मात्र स्वतःसाठी अनेकदा स्त्रीलिंगी रूपं वापरते. तिने पुंत देशाला गलबतं पाठवून धूपाची झाडं मुळांसकट टोपल्यांतून आणवली. देर अल-बहारीच्या कड्याखालच्या तिच्या मंदिरात ती मोहीम कोरलेली आहे. तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी तिचं नाव जागोजाग खरवडलं गेलं. सामान्य स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येई, विकता येई, घटस्फोट घेता येई आणि न्यायालयात साक्ष देता येई.

देवांना प्राण्यांची तोंडं का?

गणपतीसमोर हात जोडणाऱ्या आपल्याला याचं नवल वाटायला नको. ते डोकं देवाचा स्वभाव सांगतं. ससाण्याची नजर होरसची. स्मशानाभोवती फिरणारा कोल्हा अनुबिसचा, मृतांच्या रखवालदाराचा.

अबू सिंबेलचं मंदिर खरोखर उचलून हलवलं का?

हो. आस्वानच्या मोठ्या धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात डोंगरात कोरलेली दोन्ही मंदिरं कापून काढली. हजाराहून जास्त तुकडे, काही ३० टनांपर्यंत. मग ६५ मीटर उंचावर आणि २०० मीटर मागे, कृत्रिम डोंगर रचून पुन्हा जुळवली. वर्षातून दोन दिवस सूर्यकिरण साठ मीटर आतल्या गाभाऱ्यात पोचतात, ती रचनाही सांभाळली. तारीख एका दिवसाने पुढे गेली, आता २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर. गाभाऱ्यातल्या चार मूर्तींपैकी प्ताह या पाताळाशी संबंध असलेल्या देवावर तेव्हाही उजेड पडत नाही. धरणाच्या पाण्यात बुडणाऱ्या या भागाच्या, म्हणजे न्युबियाच्या, उत्खननात भारताचाही हात होता. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचं पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली तिथे गेलं होतं.

गणित, वैद्यक, खगोल यांत त्यांची कामगिरी काय?

३६५ दिवसांचं वर्ष : तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच दिवस. व्याधाचा तारा काही आठवडे दिसेनासा होऊन पहाटे पुन्हा उगवला की नाईलला पूर यायची वेळ झाली, हे त्यांनी हेरलं होतं. दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग करण्याची पद्धतही तिथली.

आह्मेस या लेखनिकाने इ. स. पू. १५५० च्या सुमारास उतरवलेल्या गणिताच्या पपायरसमधली उदाहरणं दहा माणसांत भाकरी कशा वाटायच्या इथूनच सुरू होतात. पुन्हा शिधाच! वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना व्यासाचा नववा भाग वजा करून उरलेल्याचा वर्ग घेतात. त्यातून पायची किंमत ३.१६ येते.

वैद्यकातला एडविन स्मिथ पपायरस जखमांच्या ४८ प्रकरणांचा आहे, डोक्यापासून खाली. प्रत्येकात तपासणी, निदान आणि मग वैद्याचा निर्णय : यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा यावर उपचार नाही. तिसरं वाक्य लिहायला धीर लागतो.

भारताशी, महाराष्ट्राशी त्यांचा संबंध होता का?

पिरॅमिडच्या काळात थेट संबंध असल्याचा पुरावा नाही. दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकात काळी मिरी सापडली आहे, आणि ती दक्षिण भारतातलीच असणार. खरा भरघोस व्यापार रोमन काळात झाला. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात साडेसात किलो मिरी भरलेलं भारतीय मडकं, सागवान, भारतीय सुती कापड आणि बुद्धाची मूर्तीही मिळाली आहे. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण ही बंदरं आहेत. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जात असे, हेही त्यात आहे.

हे सगळं कुठे पाहता येईल?

भारतात ममी पाहायच्या तर कोलकात्याचं इंडियन म्युझियम, हैदराबाद, जयपूरचा अल्बर्ट हॉल, आणि वडोदरा. वडोदऱ्याची ममी महाराजा सयाजीराव गायकवाडांनी आणवलेली.

इजिप्तला जाणार असाल तर कैरोच्या फुस्तात भागातल्या संग्रहालयात राजांच्या ममी आहेत. एप्रिल २०२१ मध्ये २२ राजा-राण्यांना मिरवणुकीने तिथे नेलं. पिरॅमिडांजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण उघडलं. तुतनखामुनचा सगळा संग्रह आता तिथे एकत्र आहे, आणि गर्दीही तिथेच असते.

त्याच संग्रहालयात खुफूची नौका आहे, तिच्यासाठी मात्र सवड ठेवा. १९५४ मध्ये ती पिरॅमिडच्या पायथ्याशी एका खंदकात १,२२४ सुट्या तुकड्यांत सापडली. जुळणीचं काम हज अहमद युसुफ यांच्याकडे आलं. त्यांना होड्या बांधता येत नव्हत्या, म्हणून ते आधी नाईलकाठच्या सुतारांकडे शिकायला गेले. मग वर्षानुवर्षं तुकडे लावत आणि काढत त्यांनी ४३ मीटरांची देवदाराची नौका उभी केली. तिच्या सांगाड्यात धातूचा खिळा नाही. फळ्या एकमेकींना दोराने शिवलेल्या आहेत. फळ्या शिवून जहाज बांधण्याची आपली परंपरा वेगळी आहे, पण गोव्यात अलीकडे बांधलेलं आयएनएसव्ही कौंडिण्य ज्यांनी पाहिलं असेल त्यांना शिवणीची कल्पना येईल. खुफूच्या नौकेत दोर फळीच्या आतल्या बाजूनेच ओवलेला आहे, बाहेरून त्याचा मागमूस लागत नाही. वाकून बघा.